मामाने न उघडलेलं दार

माझा मामा बावन्न वर्षांचा, म्हणून ऑफिसात त्याला सगळे 'आजोबा' म्हणतात. जावा या संगणकभाषेत प्रोग्राम लिहितो. त्या दिवशी लॅपटॉप जेवायच्या टेबलावर आणि फोनच्या स्पीकरवर साहेब. साहेबाचा आवाज म्हणजे इंजेक्शनच्या आधी फिरवलेला ओला कापूस. "घाई नाही हं आजोबा. फक्त पाचच्या आत सांगा कोणी मोडलं. त्याला आजच कामावरून काढायचंय." आणि फोन ठेवला.

सकाळपासून त्यांच्या प्रोग्राममधून इस्पितळांना रक्ततपासणीचे अहवाल जात नव्हते. संशय नव्या मुलीवर. तिने तीन क्लासमधला, म्हणजे प्रोग्रामच्या तीन तुकड्यांमधला, सारखा भाग उचलून एका 'पालक' क्लासमध्ये ठेवला होता; पालकातलं त्या तिन्ही पोरांना आपोआप मिळतं.

"मग चुकलं काय तिचं?" मामीने विचारलं.

"काही नाही. असंच करतात."

क्लासला लागणारी वस्तू बाहेरून यायची असेल, तर तिच्या जागेवर अ‍ॅनोटेशन लावतात. अ‍ॅनोटेशन म्हणजे चिठ्ठी. चिठ्ठी वाचून वस्तू आणून ठेवणारं हत्यार, तेही एक प्रोग्रामच, मामानेच चौदा वर्षांपूर्वी लिहिलेलं. त्याने हत्याराला चिठ्ठ्या मोजायला लावल्या. हव्या पाच, सापडल्या दोन. उरलेल्या तीन पालक क्लासमध्ये जशाच्या तशा. हत्यार फक्त पोराची खोली धुंडाळत होतं, आईबापाच्या खोलीचं दार त्याने कधी उघडलंच नव्हतं.

"तेव्हा एकाही क्लासला पालक नव्हता," मामा म्हणाला. "म्हटलं, लागेल तेव्हा बघू."

चार ओळींत त्याने दार उघडलं. पाचही चिठ्ठ्या सापडल्या, अहवाल निघाले. पावणेपाच.

फोन वाजला, मामीने त्यावर हात ठेवला. "ती पंचविशीची आहे, तिला कुठेही मिळेल नोकरी. तुम्हाला कोण दारात उभं करणार?"

"अगं, कळतंय मला."

त्याने फोन उचलून स्पीकर चालू केला.

"कोणी, आजोबा?"

"मी. चौदा वर्षांपूर्वी. तिचं काम बरोबर आहे."

साहेबाचा तोच ओला कापूस. "असं करू. तुमचं हत्यार काढून तयार मिळतं ते बसवू. ती बसवेल. आणि तुम्ही ते सांभाळायलाच होतात, नाही का? महिनाअखेरपर्यंत या, पुढे नको."

मामीने पोळ्यांचा डबा नुसताच उघडला आणि बंद केला.

दहा मिनिटांनी त्या मुलीचा फोन. "सर, त्या चार ओळी समजावता?"

मामाने खुर्ची पुढे ओढली. दोनदा समजावलं. तिला पहिल्याच वेळी कळलं होतं.