रिमोटची खांदेमळणी

व्हिडिओ गेमच्या धंद्याला उतरती कळा लागावी म्हणून खंडोबाला नारळ बोललेला माणूस साऱ्या पृथ्वीवर एकच निघेल, आणि तो नेमका माझ्या नात्यात आहे. माझे थोरले साडू. पारनेरच्या अलीकडे त्यांचं गाव, पावसावरची जमीन, तीत ज्वारी आणि मूग, विहिरीनं मनावर घेतलं तर थोडा कांदा. अशा माणसाचं व्हिडिओ गेमशी काय वाकडं, असं कोणीही विचारील. वाकडं काहीच नाही. त्यांची एकुलती एक लेक दीपाली पुण्यात एका कंपनीत गेम बनवते. मोठमोठ्या परदेशी गेमांतली झाडं, जनावरं, डोंगर ती कॉम्प्युटरवर घडवते. लेक काय करते असं गावात कोणी विचारलं की साडू मिशीत हसून सांगत, "जनावरं करती." ऐकणाऱ्याला वाटे, गोठा टाकला असेल पोरीनं. साडू त्याची समजूत मोडत नसत.

दीपालीनं एकदा त्यांना गेमचा डबा आणून दिला. टीव्हीला जोडायचा आणि हातात रिमोट धरून खेळायचं. रिमोट दोन, एक बापाला आणि एक ती आली की तिला. साडू खेळायला बसले आणि जगात कोणी खेळलं नसेल असं खेळू लागले. पाठीमागून शत्रू गोळ्या झाडत येतोय आणि हे घोडा थांबवून ओढ्यावर पाणी पाजतायत. कुणाच्या कुंपणाचं फाटक उघडून आत गेले की परत फिरून ते लावून घेणार, मग मागचे लोक जीव घेवोत. एका गेममध्ये शत्रूच्या शेतातलं पीक पेटवल्याशिवाय पुढं जाता येत नव्हतं. साडू तिथंच अडले. दिवाळी झाली, संक्रांत झाली, हे आपले त्या शेताच्या बांधावरून घोडा हिंडवतायत. मी म्हणालो, "अहो, खोटं शेत आहे ते." तर माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी त्यांच्याच उभ्या ज्वारीत गुरं सोडलीत. "पाव्हणं, उभ्या पिकाला काडी लावायची? आपल्याच्यानं व्हायचं न्हाई. भले हारलो तर हारलो."

पण त्यांचा खरा पराक्रम पोळ्याचा. बैलजोडी त्यांनी घोडेगावच्या बाजारात विकली, त्याला बरीच वर्षं झाली. ट्रॅक्टर आला, दावण सुनी पडली, आणि पोळ्याला मातीचे बैल पूजायची वेळ आली. ते त्यांच्या मनाला फार लागलं होतं. डबा आला त्या वर्षी पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी अक्कांनी, म्हणजे माझ्या मेहुणीनं, रिवाजाप्रमाणं वाटीत हळद आणि तूप कालवून दिलं. बैल वर्षभर जू ओढतात म्हणून त्या संध्याकाळी त्यांचे खांदे मळायचे आणि त्यांना म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. साडूंनी मातीच्या बैलांना बोट लावलं, मग इकडंतिकडं पाहिलं, आणि दोन्ही रिमोट मांडीवर घेऊन चांगले मनगटाच्या जोरानं मळले. तूप पार बटणांच्या आत उतरलं. सकाळी डबा चालू केला तर घोडा जागच्या जागी गरगर फिरायला लागला. फोनवर दीपालीला हसू आवरेना. "अण्णा, काय केलंत हे?" "राबत्याती ती बी. खांदे मळायला नको व्हय?" दुपारच्या एसटीनं ती आली, रिमोट खोलून कापसानं पुसत बसली, दोन दिवस राहिली, आणि बापलेक मांडीला मांडी लावून खेळले.

पहिल्या वर्षी ती चूक होती. पुढच्या वर्षी साडूंनी तूप जास्त घातलं. दीपाली पुन्हा आली.

मग ते साल आलं. गेमच्या धंद्याला असं साल पूर्वी कधी लागलं नव्हतं, असं दीपाली फोनवर सांगायची. एकापेक्षा एक गेम निघतायत, लोकांच्या उड्या पडतायत, कामाला माणसं पुरत नाहीत. साडूंनी पारावर पेढे वाटले. पण ऐन सुगीत रजा कोण देणार? ती गावच्या जत्रेला आली नाही. पोळ्याला रिमोट मळले, तर तिनं कुरिअरनं दोन कोरे रिमोट धाडले. साडूंनी ते खोकं उघडलंच नाही, फडताळावर ठेवून दिलं. आमच्याकडं साल पिकलं की माणसं घराकडं वळतात. हिच्या धंद्यात साल पिकलं की घराची वाट बंद होते, हे गणित त्यांच्या पचनी पडेना. त्याच आठवड्यात ते खंडोबाला जाऊन आले.

देव पावला, आणि वाईट रीतीनं पावला. पुढच्या वर्षी धंदा बसला, कंपनीनं निम्मी माणसं कमी केली, आणि पोळ्याच्या तोंडावर दीपाली दोन बॅगा घेऊन घरी आली. मी त्या दिवशी तिथंच होतो. पोरगी ओसरीवर मान खाली घालून बसलेली. साडू हळदतुपाची वाटी घेऊन बाहेर आले. रिमोटकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. तिच्या मागं बसले आणि दोन्ही खांद्यांवर हळूच बोटं फिरवली. "लई राबलीस, बाळा. आज आवतन घे. उद्या जेवायला ये." ती रडली. मलाही तिथं बसवेना.

सकाळी मीच त्यांना गाडीवर देवळात नेलं. त्यांनी दोन नारळ फोडले. "एक बोललेला फेडायचा," ते म्हणाले, "आन एक माघारी घ्यायचा." परतीच्या वाटेत एवढंच बोलले, "पोरीचं साल पिकू दे. मी बसतो मातीच्या बैलांसंगं."

दीपालीला पुन्हा काम लागलं. परवा पोळ्याला मी फोन केला, तर साडूंचा आवाज जोरात. "पाव्हणं, यंदा साल लई चांगलं हाय! तिला श्वास घ्यायला सवड न्हाई!" मी म्हणालो, बरं झालं. तशी ते आवाज उतरवून म्हणाले, "फडताळावरचं खोकं काढलं काल सांजच्याला. कोरे रिमोट होते त्यात. चांगले मळलेत. एक बटन हालत न्हाई." आणि आणखी हळू, "दुपारची एसटी अजून यायचीय."