चाखूभाऊंची वाडी

भाऊ कुठलंही पान आधी तोंडात घालायचे आणि मग त्याचं नाव विचारायचे. लग्नाच्या मांडवाला बांधलेली पानंसुद्धा त्यातून सुटत नसत. एकदा रानअळूनं त्यांचा घसा दिवसभर खवखवत होता, तरी संध्याकाळी ते मला कौतुकानं सांगत होते, की जिभेला काहीच होत नाही, खाज घशात उशिरा सुरू होते. आळीतली मुलं त्यांना चाखूभाऊ म्हणत.

श्रीवर्धनच्या शाळेत नेमणूक झाल्यावर मी त्यांच्या माडीवर भाड्यानं राहत होते. मागे त्यांची वाडी. पैसा यायचा तो पोफळींच्या सुपारीचा. बाकीचं सगळं भाऊंच्या जिभेनं गोळा केलेलं: पोफळींवर चढवलेली मिरी, जायफळ, दालचिनी, पानओवा, दोन तऱ्हांची हळद. कुणाकडची चव आवडली, की फांदी मागून आणायचे. मुलगा नोकरीला मुंबईत, घरात सून वैशाली; ती मूळची कल्याणची. तिला त्या गचपणात सापांची भीती वाटे. ती विहिरीपलीकडे जात नसे.

मग एका पावसाळ्याच्या तोंडावर वादळ आलं. सकाळी पाहिलं तर पोफळी आडव्या झालेल्या. नव्या लावून सुपारी यायला कितीतरी वर्षं जाणार होती. वीज नाही, बाजार बंद. पण जमिनीखालचं वाऱ्याच्या हाती लागलं नव्हतं. सुरण आणि अळकुड्या खणून आम्ही सगळे जेवलो.

त्याच पावसात भाऊंना ताप आला. ताप उतरला, पण चव आणि वास दोन्ही गेले. पान चावून ते नुसते उभे राहत.

एके दिवशी त्यांनी वैशालीला हाक मारली. "हे जरा चावून बघ गो. कसं लागतंय?"

ती म्हणाली, आंबट.

"आंबट कसं? चिंचेसारखं की कैरीसारखं?"

तिला सांगता येईना, म्हणून तिनं आणखी एक पान घेतलं. सुरुवातीला ती सासऱ्यांचं मन राखायला खात असावी. पुढे मला जिन्यावरून दिसायचं, की भाऊ खुर्चीत बसलेत आणि ती विहिरीपलीकडून ओरडून सांगतेय: आधी तुरट, मग गोडसर, शेवटी जीभ गार पडते.

दिवाळीला मुलगा मुंबईहून आला तो कंत्राटदाराला घेऊनच. वाडी साफ करून पर्यटकांसाठी खोल्या काढायचं त्याच्या मनात होतं. पोफळी गेल्यावर त्यात चुकीचंही काही नव्हतं. वैशालीनं चहा आणून ठेवला आणि नवऱ्याला म्हणाली, "रस्त्याकडेला दोन खोल्या बांधू. मागे हात लावायचा नाही. माझं अजून सगळं चाखून झालेलं नाही."

दोन खोल्या झाल्या. पाहुण्यांच्या ताटात वाडीतलंच वाढलं जाई, त्यावर घर सावरलं. भाऊंची चव मात्र पुरती परतली नाही, फक्त कडू तेवढं कळू लागलं. आज कारलं कडू लागलं, हे त्यांनी आळीभर सांगितलं.

माझी बदली झाली. गेल्या वर्षी भाऊ गेल्याचं कळल्यावर मी भेटायला गेले. वैशालीनं सांगितलं, की दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या माणसाला घरून आमटी यायची. तिच्यात तरंगतंय ते पान कुठलं, विचारून ये, म्हणून भाऊ हिच्या मागे लागले होते. डबा आणणारी बाई म्हसळ्याकडची. ती रोप देते म्हणाली, पण ते यायच्या आत भाऊ गेले. दिवसकार्य आटोपल्यावर वैशाली एसटीनं जाऊन ते घेऊन आली.

तिनं मला नेऊन ते दाखवलं. चवीला कसं आहे, मी विचारलं.

"दोनच पानं आहेत बाई," ती म्हणाली. "इतक्यात कशी खुडू?"