बाळारामशेठ आणि शाळेचं मैदान

बाळारामशेठ फोन उचलला की ‘हॅलो’ म्हणत नसत. ‘काय जाला?’ असंच विचारत. पलीकडच्याने काही नाही, सहज केला होता, असं सांगितलं तरी त्यांचा विश्वास बसत नसे. “सहज कोनी फोन करत न्हाय,” असं म्हणून ते घरातल्या एकेकाचं नाव घेत आणि तो बरा आहे ना, ते विचारत. मी त्यांना पहिल्यांदा फोन केला तो शाळेच्या झेंडावंदनाला बोलावण्यासाठी. सगळी मुलं सुखरूप आहेत, हे आधी दोनदा सांगावं लागलं, तेव्हा कुठे मला निमंत्रण देता आलं.

आमची जिल्हा परिषदेची शाळा भिवंडीजवळच्या शेलार गावाच्या पुढे, खाडीच्या अंगाला. मी तिथे बदली होऊन आले तेव्हा बाळारामशेठ साठीच्या घरात होते. उंच, किंचित वाकलेले, पांढरा शर्ट, खिशात रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी. घरची भातशेती होती, पण आयुष्य गेलं होतं नारपोलीच्या यंत्रमागांवर. स्वतःचा छोटा कारखाना होता. धंदा उतरणीला लागला तशी त्यांनी माग भंगारात काढले, शेड पाडली आणि जागा गोदामवाल्याला दिली. पाडलेल्या शेडचा राडारोडा तेवढा उरला होता.

आमचं मैदान तेव्हा सखल होतं. पावसाळ्यात तिथे गुडघाभर पाणी साचायचं आणि पोरं पडवीत दाटीवाटीने बसायची. शेठनी आपण होऊन सांगितलं की शेडचा भराव घ्या, वर मुरूम मी घालून देतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत ट्रक आले, रोलर फिरला, मैदान हातभर वर आलं. आम्ही नारळ फोडला. आभाराचं भाषण मीच केलं. भाषण चालू असताना शेठ खाली बघत पायाने मुरूम दाबून पाहत होते. नंतर मला हळूच म्हणाले, “पाऊस पडून गेल्याशिवाय शाबासकी देऊ नका, बाई. जमीन बसल्यावर कलंल.”

पाऊस पडून गेला. ऑक्टोबरात कबड्डीचा सराव सुरू झाला. कबड्डी अनवाणीच खेळतात. चढाईला गेलेला मंगेश परत फिरताना एकदम खाली बसला. त्याच्या तळव्यातून तारेचा गंजलेला तुकडा बाहेर आला होता. मागावरच्या तारेचाच, मोडून टोकदार झालेला. पावसाने मुरूम वाहून नेला होता आणि खालचं लोखंड वर आलं होतं. मंगेशला रिक्षात घालून मी शेठना फोन लावला. त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं आणि या वेळी मला सांगावंच लागलं. मग त्यांनी विचारलं, “पोर कोनाचा?”

पोर लहानूचा होता. लहानू म्हणजे शाळेमागच्या टेकडीवरच्या पाड्यावरचा कातकरी. दुसऱ्याच्या शेतावर मजुरी करायचा, कधी वीटभट्टीवर जायचा. मंगेश त्याच्या घरातून शाळेत टिकलेला पहिला मुलगा. भिवंडीच्या दवाखान्यात जखम धुतली, इंजेक्शन दिलं, पण तिसऱ्या दिवशी पाय घोट्यापर्यंत सुजला आणि त्याला ठाण्याला हलवावं लागलं. आत तुकडा राहिला होता. विष चढलं तर बोटं काढावी लागतील, कदाचित जास्तही, असं डॉक्टर म्हणाले.

शेठ रोज यायचे. औषधांचं सगळं बघायचे, पण वॉर्डात पाऊल टाकायचे नाहीत. बाहेरच्या बाकड्यावर बसून राहायचे आणि आतून नर्स आली की उठून उभे राहायचे. लहानूसमोर जायची त्यांना भीती वाटत होती. शेवटी लहानूच बाहेर आला. शेठनी घाईघाईने सांगितलं की शाळेतल्या सगळ्या पोरांना बूट घेऊन देतो, उद्याच. लहानूचा आवाज चढला नाही. तो एवढंच म्हणाला, “बूट फाटतील शेठ. जमीन तीच ऱ्हाईल.”

मंगेशचा पाय वाचला. करंगळी मात्र गेली.

मैदान आम्ही दोरी लावून बंद केलं होतं. मुख्याध्यापक म्हणाले, जेसीबी लावून सगळा भराव उचलून टाकू. गावातल्या लोकांनाही ते पटलं. शेठ तेवढे अडून बसले. “यो कचरा इथून उचलायचा नि दुसऱ्या गावच्या पोरांच्या पायाखाली टाकायचा? माझ्या शेडचा लोखंड हाय. मीच वेचीन.” लोक हसले. एवढ्या मैदानातून खिळे आणि तारा कशा वेचणार?

शेठनी आधी मोठा लोहचुंबक दोरीला बांधून मैदानभर ओढला. वरवरचं लागलं, खोलातलं तसंच राहिलं. मग एका गोदामाच्या फाटकावर अंगझडतीला वापरतात ते हातातलं यंत्र मागून आणलं. ते जमिनीला टेकवलं तरच वाजायचं. अखेर त्यांच्या मुलाने लांब दांड्याचा, खाली थाळी असलेला मेटल डिटेक्टर मागवून दिला. सोबत पुस्तिका होती, तीही इंग्रजीत. दिवाळीच्या सुट्टीत खोकं घेऊन ते माझ्या दारात उभे राहिले. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण निदान वाचून दाखवता येत होतं.

पहिला प्रयोग त्यांच्या अंगणात झाला. यंत्र चालू केलं आणि ते जे किंचाळायला लागलं ते थांबेचना. शेठ घाबरून मागे सरले. अंगणाखाली कोबा आहे आणि कोब्यात सळया आहेत, हे आमच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. मग आम्ही त्यांच्या भातशेताच्या बांधावर गेलो. तिथे ते मुकाट झालं. शेठनी स्वतःच एक खिळा पुरला, त्यावरून थाळी फिरवली, घरघर ऐकली आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला इतक्या दिवसांत पहिल्यांदा थोडं हसू दिसलं. खिळा वीतभर खाली पुरला तर आवाज दबका, थाळी भराभर फिरवली तर आवाजच नाही. “घाई केली का गप बसते,” ते म्हणाले. “हिच्याशी सबुरीने वागला पायजे.”

बांधावर जमलं म्हणून आम्ही मैदानावर आलो, तर तिथे शिकलेलं सगळं फुकट गेलं. मुरमात आमच्याकडचे काळे दगड मिसळलेले होते. त्यांच्यातही लोहाचा अंश असतो, त्यामुळे दगडावरूनही यंत्र गुरगुरायचं. शेठ दिवसभर खणत बसले आणि दगडांचा ढीग घेऊन उठले. पुस्तिकेत लिहिलं होतं की जमीन बदलली की यंत्र नव्याने त्या जमिनीशी जुळवून घ्यायचं. लोखंड नसलेल्या जागेवर थाळी खालीवर करायची आणि ते शांत होईपर्यंत बटण फिरवायचं. मी हे वाचलं तेव्हा शेठनी विचारलं, पण लोखंड नसलेली जागा आहे कुठे, ते आधी कसं कळायचं? त्याचं उत्तर पुस्तिकेत नव्हतं. मग त्यांनी एका कोपऱ्यातली हातभर माती खणून काढली, चाळणीने चाळली, परत भरली आणि तिथे यंत्र जुळवलं.

खाडीकडची बाजू सगळ्यात अवघड. उधाणाला खारं पाणी तिथपर्यंत झिरपायचं. ओली, खारट जमीन काही नसतानाही सतत गुणगुणायची. सकाळी जुळवलेलं यंत्र दुपारी ऊन वाढल्यावर पुन्हा बिघडायचं. शेठ बटण फिरवून यंत्राची पकड कमी करायचे, मग त्यांना वाटायचं की कमी केल्यामुळे खोलातला तुकडा सुटला. म्हणून पुन्हा वाढवायचे. शेवटी ओहोटीचे दिवस बघून, माती सुकल्यावरच तिथे उतरायचं ठरलं. या सगळ्यात त्यांची झोप उडाली होती. शेठच्या घरच्या काकू मला म्हणाल्या की हे जेवताना मध्येच थांबतात आणि मैदानातल्या आंब्याखालची जागा झाली का, असं मलाच विचारतात.

तरी काम पुढे सरकत होतं. गोणीत लोखंड साठत होतं. शाळा उघडेपर्यंत त्यांनी निम्म्याहून जास्त मैदान पालथं घातलं होतं. मुख्याध्यापकांना तालुक्याच्या कबड्डी स्पर्धा आमच्याकडे भरवायच्या होत्या. ते रोज विचारत, झालं का?

एका संध्याकाळी शाळा सुटल्यावर मी त्यांच्यासाठी चहा घेऊन गेले. ते पाठमोरे होते, थाळी सावकाश फिरवत पुढे जात होते. यंत्रातून बारीक, चिरका आवाज आला. ते थांबले नाहीत. पुन्हा थाळी त्याच जागेवरून गेली, पुन्हा आवाज आला, आणि ते तसेच पुढे निघाले. मी म्हटलं, “शेठ, थांबा. वाजलं ना.”

“कवा?” त्यांनी वळून विचारलं.

मी जागा दाखवली. त्यांनी थाळी फिरवली, वाजलं तशी मी मान हलवली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, थाळीकडे पाहिलं, परत फिरवली. आम्ही खणलं. पितळेची फुटलेली कडी निघाली. तिची कड पात्यासारखी होती.

शेठ तिथेच मातीत बसले. पुस्तिकेत होतं की लोखंडाचा आवाज जाड येतो, पितळ-तांब्याचा बारीक, आणि लोखंडाचा चपटा पत्राही कधीकधी बारीक वाजतो. जाड आवाज त्यांना ऐकू यायचा. बारीक येतच नव्हता. सगळी हयात मागांच्या खडखडाटात गेली होती. टीव्ही मोठा लावतात म्हणून घरात कुरबुर व्हायची, ती त्यांनी कधी मनावर घेतली नव्हती. आता ते झालेल्या मैदानाकडे बघत राहिले. कडी हातातल्या हातात फिरवत म्हणाले, “किती असा सोडून आलो असन मी?”

मी म्हटलं, उद्यापासून मी येते. तुम्ही फिरवा, मी ऐकते. त्यांनी वाद घातला नाही. मुख्याध्यापकांना मात्र त्यांनी स्वतः जाऊन सांगितलं की झालेलं काही धरू नका, मला ऐकू येत नाही, पहिल्यापासून करतो. चारचौघांत हे सांगताना त्यांची मान खाली होती. स्पर्धा दुसऱ्या शाळेकडे गेली. मुख्याध्यापक माझ्याशीही काही दिवस नीट बोलले नाहीत.

मग रोज शाळा सुटल्यावर मी कानाला हेडफोन लावून त्यांच्या बाजूने चालायचे. वाजलं की हात वर करायचा. खणायचं त्यांनी. मला घरी जायला उशीर व्हायचा, तर ते आधी माझ्या घरी फोन करून काळजी करू नका म्हणून सांगायचे, आणि त्या फोनमुळे माझ्या सासूबाई जास्तच काळजीत पडायच्या. शेठच्या मनात सतत काहीतरी चालू असायचं. एकदा म्हणाले, “मी जन्मभर भलत्याच गोष्टींना भ्यालो, बाई. जिला भ्यायला पायजे व्हता, ती मीच टरक भरून आनली.”

उन्हाळा लागला तेव्हा संपूर्ण मैदान पुन्हा फिरून झालं. यंत्र गप्प होतं. आता पोरांना सोडायचं का, हे शेठनी सांगायचं होतं, आणि ते त्यांच्या तोंडून निघेना. आज नको, उद्या बघू, म्हणत आठवडा गेला. शेवटी त्यांनी लहानूला बोलावणं धाडलं. लहानू आला, सोबत मंगेश. त्याच्या पायाची जखम भरली होती, पण चालताना तो पाय थोडा बाहेर टाकायचा. शेठ लहानूला म्हणाले, “मशीन सांगते काय न्हाय. मना काय बोलता येत न्हाय. तू सांग.”

लहानू अनवाणीच होता. त्याने दोरी ओलांडली आणि मैदानात उतरला. या कडेपासून त्या कडेपर्यंत तो चालला. मध्ये मध्ये थांबून टाचेने माती दाबायचा. खाडीच्या बाजूला वाकून त्याने काहीतरी उचललं तेव्हा शेठनी माझं मनगट घट्ट धरलं. शिंपला होता. लहानूने तो खाडीकडे फेकला. सगळं फिरून तो परत आला, मंगेशच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, “जा. खेळ.”

मंगेशने चपला काढल्या. मी मुलाकडे बघत होते, त्यामुळे शेठ कधी निघून गेले ते मला कळलं नाही. नंतर काकूंनी सांगितलं की घरी येऊन ते न जेवता जे झोपले, ते दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर उठले.

पुढे वज्रेश्वरीच्या बाजूच्या गावांतूनही त्यांना बोलावणी आली. जिथे राडारोड्याचा भराव होता तिथे ते यंत्र घेऊन जायचे, आणि तिथल्या एखाद्या चांगल्या कानाच्या माणसाला बरोबर घ्यायचे. आमच्या मैदानावर मात्र दर वर्षी पाऊस गेला की पुन्हा यायचे. पावसाने माती हलते, दडलेलं वर येतं, दर वर्षी एखादा तुकडा मिळायचाच. मी एकदा वैतागून विचारलं, हे संपणार कधी? ते म्हणाले, “संपत न्हाय. आपुन येत राहायचा.”

गेल्या पावसाळ्यात ते गेले. दुपारी जेवून आडवे झाले आणि उठलेच नाहीत. दिवसकार्य झाल्यावर काकूंनी यंत्र माझ्याकडे दिलं. पाऊस सरला तरी ते माझ्या घरात कोपऱ्यात उभं होतं. दांडा जड होता, माझ्याने तो फार वेळ फिरवला जात नाही, असं मी स्वतःला सांगत होते. एका शनिवारी शाळा सुटल्यावर धीर करून मी ते मैदानावर नेलं. चाळलेल्या मातीच्या कोपऱ्यात उभी राहून बटणाशी खटपट करत होते, तर मागून लहानू आला. भट्टीवरून परतत होता, अंगावर विटांची लाल धूळ होती. बराच वेळ तो बघत राहिला. मग त्याने माझ्या हातातून दांडा घेतला.

“तुम्ही ऐका, बाई,” तो म्हणाला आणि थाळी जमिनीलगत धरून सावकाश पुढे निघाला.