ताईनं शेतात मांडलेला अणू

आमचं शेत हिंगणघाटच्या अलीकडे, वेणा नदीच्या अंगाला. बाबा वांगी, टमाटे, पालक लावायचे आणि सकाळी बाजारात नेऊन विकायचे. घरात सायन्सला गेलेली पहिली मुलगी म्हणजे माझी ताई. ती बारावीला असताना मी आठवीत होते, आणि अणूचा धडा मला काही केल्या समजत नव्हता. पुस्तकात लिहिलं होतं की अणू पुडिंगसारखा असतो. पुडिंग आमच्या वर्गात कुणीच पाहिलेलं नव्हतं.

ताईनं घरातलं टरबूज कापलं. म्हणाली, "पहिले लोकायले वाटे, अणू म्हणजे नुसता गोटा, फुटतच नाई. मग एका शास्त्रज्ञाले आतमधी इलेक्ट्रॉन सापडले. तो म्हणे, अणू असा आहे. लाल गर धन प्रभाराचा, बिया म्हणजे इलेक्ट्रॉन."

"मग झालं ना," मी म्हटलं.

"नाई झालं. त्याच्याच विद्यार्थ्यानं सोन्याच्या पातळ पत्र्यावर बारीक बारीक कण मारून पाहिले. बहुतेक आरपार गेले, पण एखाद-दुसरा आपटून मागं आला. सगळं टरबुजासारखं नरम असतं, तर मागं काऊन आला असता?"

मग तिनंच सांगितलं, की मधोमध काहीतरी घट्ट असलं पाहिजे आणि ते फार बारीक असलं पाहिजे. किती बारीक, हे दाखवायला ती मला दुसऱ्या दिवशी शेतात घेऊन गेली. वांग्याची झाडं उपटून झालेली होती, वावर मोकळं होतं. तिनं मधोमध तुरीचा एक दाणा ठेवला, स्वतः त्याच्याजवळ बसली आणि म्हणाली, "हे केंद्रक. तू इलेक्ट्रॉन. चाल."

मी चालत गेले. धुऱ्यापाशी, शेताच्या बांधावर, थांबले, तर तिनं हात हलवून पुढं जायला सांगितलं. शेजाऱ्यांची कपाशी ओलांडली, नाला आला. ताई आता निळ्या ओढणीचा ठिपका झाली होती. मी ओरडून विचारलं, "आपल्या मधात काय आहे?"

"काहीच नाई!" तिचा आवाज कसाबसा पोचला.

परतताना मी धावतच आले. ती हसत होती. "भेली का व?" म्हणाली. घाबरले नाही, मी म्हटलं.

बारावीनंतर ती नागपूरला गेली, तिथून पुढे शिकायला परदेशी. आता तिकडेच एका प्रयोगशाळेत असते. मी बी.एड. केलं आणि जाम गावाकडच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागले. रविवारी तिचा फोन येतो. बाबांची तब्येत, माझी मुलं, तिकडचा बर्फ. बोलणं लवकर संपतं. मग दोघीही फोन धरून राहतो, कारण ठेवावासा वाटत नाही.

मागच्या हिवाळ्यात ती आली. मी हट्टानं तिला माझ्या नववीच्या वर्गावर नेलं. सुरुवातीला ती अडखळली. तिची मराठी शहरी, जपून बोललेली झाली आहे; मुलं अवघडून ऐकत होती. फळ्यावर मी केंद्रकाभोवती वर्तुळं काढून ठेवली होती. ती म्हणाली, इलेक्ट्रॉनची अशी ठरलेली वाट नसते. तो कुठं सापडण्याची शक्यता जास्त, एवढंच सांगता येतं. तिनं वर्तुळं हातानं पुसली आणि खडू आडवा धरून धुकं काढलं.

मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, मंग पहिलेचे सगळे चुकलेच का?"

ताई खडू ठेवून तिच्या बाकापाशी गेली. मग म्हणाली, "चुकले कसे व? ज्याले जेवढं दिसलं, तेवढं त्यानं सांगितलं. त्यानं सांगितलं म्हणून तर पुढच्याले दिसलं."

तो गावच्या बोलीतला तिचा आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. पुढचा सगळा तास ती तशीच बोलली, मुलं हसली, आणि मला वाटत होतं की घंटा होऊच नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती निघाली, तेव्हा जामच्या चौकात आम्ही नागपूरच्या गाडीची वाट पाहत उभ्या होतो. ट्रक जात होते, बोलायला जमत नव्हतं. अजून चार दिवस राहा, हे मला म्हणायचं होतं. तिला तिकीट बदलता येणार नव्हतं, हे मला माहीत होतं.

"बाबाची गोळी सकाळची चुकवजो नको," ती म्हणाली.

"नाई चुकवत."

गाडी आली. मी तिची बॅग आत ठेवली आणि म्हटलं, "पोचली की फोन करजो."

ती हो म्हणाली. गाडी उड्डाणपुलावर चढेपर्यंत ती मागच्या काचेतून बघत होती. मग मी शाळेत गेले. नववीचा तास होता. फळ्यावरचं धुकं अजून कुणी पुसलेलं नव्हतं, आणि मीही पुसलं नाही. बाजूच्या मोकळ्या जागेत धडा शिकवला.