वंटमुरीच्या घाटातली न दिसलेली मोटर

मोटरीत भूत नसतं, नटबोल्ट असतात — हे मी तरुणपणापासून सांगत आलो आणि ऐंशी ओलांडल्यावरही तेच सांगतो. देवाला हात जोडतो, पण झपाटणं, अंगात येणं असलं काही मी कधीच मानलं नाही. तरी एक गोष्ट मनात रुतून बसली आहे... वाचकांपैकी कुणाला उलगडली तर उपकार होतील.

दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीचा काळ. निपाणी–बेळगाव रस्त्यावर आमची उतारू नेणारी सर्व्हिस मोटर चालायची. थोरले बंधू अण्णा मालक, मी ड्रायव्हर. वाटेत गाडी बिघडली तर विचारायला कोणी नाही, त्यामुळे कान तयार ठेवावा लागे. क्लच दाबून इंजिन मोकळं केल्यावर आवाज बदलला, तर दोष इंजिनात. आणि तरीही चाकाच्या ठेक्यात येतच राहिला तर मागं — चाकात नाहीतर ॲक्सलमध्ये, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्यात. खडखड बहुतेक पत्र्याची, तिला भ्यायचं कारण नाही. मागची टक्टक् मात्र वाईट!

एकदा उन्हाळ्यात, भर दुपारी, निपाणीहून आम्ही दोघंच रिकामी गाडी घेऊन बेळगावला परतत होतो. वंटमुरीचा घाट चढताना रेडिएटरचं पाणी उकळलं. वरच्या वळणाच्या अलीकडे गाडी बंद करून आम्ही दगडावर बसलो. एवढ्यात खालून एक मोटर चढत असल्याचा आवाज आला.

"मडगार्ड ढिला हाय," मी म्हणालो.

"आणि एक सिलिंडर मारत न्हाय," अण्णा हसत म्हणाले. आवाजावरून दुखणं ओळखायचं हा आमचा नेहमीचा खेळ.

मग मला ती टक्टक् ऐकू आली. चाकाच्या ठेक्यात. मी उठलोच.

"अण्णा, त्याचा ॲक्सल तुटायला आलाय. थांबवू या त्याला."

मी रस्त्याच्या मधोमध हात वर करून उभा राहिलो. आवाज जवळ आला... आणखी जवळ... रस्ता मात्र मोकळा! खडखड, टक्टक् आणि त्यात एका लहान पोरीचं खिदळणं, सगळं माझ्या उजव्या बाजूनं पुढं निघून गेलं. अंगावर ना वारा आला, ना धूळ. आवाज वळणापलीकडे गेला आणि — काड्! पाठोपाठ इंजिनाचं मोकळं गुरगुरणं, मग दगड गडगडत खाली गेल्यासारखं काहीतरी. मग काहीच नाही.

आम्ही धावलो. वळणावर कोणीही नव्हतं. धुळीवर चाकाची ताजी खूण नाही, दरीकडेचं गवतसुद्धा मोडलेलं नाही. खालच्या उतारावर एक म्हातारा शेरडं चारत होता.

"मामा, मोटर पडली काय वो खाली?" अण्णांनी ओरडून विचारलं.

"मोटर? न्हाय बा. तुमची थांबली, तवापासनं काय वाजलं न्हाय हितं."

गाडी सुरू करताना अण्णा एवढंच म्हणाले, "घरात बोलू नगंस."

मी बोललो नाही. पुढं काही वर्षांत ती गाडी मोडीत गेली, दुसरी जुनी गाडी आली. खूप वाट बघून अण्णांना मुलगी झाली... शकू. ती चार-पाच वर्षांची असताना वैनींना आणि तिला निपाणीच्या माहेराहून बेळगावला आणायला आम्ही दोघं भाऊ गेलो. अण्णा माझ्या शेजारी, त्या दोघी मागं.

हत्तरगी सोडलं आणि मडगार्ड वाजायला लागला. आदल्याच दिवशी मी त्याचे बोल्ट आवळले होते. घाटाच्या पायथ्याशी एक सिलिंडर चुकायला लागला. प्लग नवा होता. मी अण्णांकडे बघितलं. ते समोर बघत होते.

"दत्तू... ऐकतोयस न्हवं?"

"व्हय."

"प्लगच असंल."

"असंल."

मागं शकू मडगार्डाची नक्कल करत होती, 'खडखड खडखड' म्हणत. स्वतःच्याच नकलेवर ती खिदळायला लागली. ते हसणं मी ऐकलेलं होतं. ती जन्मायच्या आधी.

तेवढ्यात टक्टक् सुरू झाली. क्लच दाबला, तरी बंद होईना. वळण समोर दिसत होतं. मी तिथंच ब्रेक लावला, उडी मारून चाकांना दगड लावले.

"वैनी, उतरा."

"अवो भावजी, ह्या उन्हात पोरीला घिऊन?"

"आधी उतरा!"

वैनींशी मी कधी असा बोललो नव्हतो. त्या घाबरून उतरल्या. मागचं चाक जॅकवर उचललं आणि दोन्ही हातांनी नुसतं हलवलं. काड्! तुटक्या ॲक्सलसकट चाक माझ्या अंगावर आलं. अण्णांनी ते बाजूला ओढलं. वैनींनी शकूला उराशी धरलं. त्यांना एवढंच कळलं की भावजींनी वेळेवर गाडी थांबवली.

बेळगावच्या मिस्त्रीनं ॲक्सलची जुनी चीर दाखवली, "नशीब तुमचं" म्हणाला. ॲक्सल का तुटला हे मलाही कळतं. पण त्याचा आवाज आम्ही काही वर्षं आधी कसा ऐकला? अलीकडे ज्यांना सांगितलं, त्यांतले कोणी म्हणतात घाटातला प्रतिध्वनी — पण आवाजाच्या आधी प्रतिध्वनी? कोणी म्हणतात भास... दोघांना एकच?

शकूला आता नातवंडं आहेत. अण्णा गेले त्याला बरीच वर्षं झाली. शेवटच्या दुखण्यात, खोलीत आम्ही दोघंच असताना, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी हा विषय काढला.

"दत्तू, आपण वळणाच्या अल्याड थांबलो. ती आधी ऐकलेली गाडी थांबली न्हवती. वळण घिऊन गेली... मग तिच्यात बसलंतं कोण रं?"

मी त्यांचा हात हातात घेतला. तोच प्रश्न आज वाचकांपुढं ठेवतो आहे.