विहिणीशी बोलण्यासाठी तीन कोटेशनं

माझ्या मुलीचं पहिलं बाळंतपण तिच्या सासूनं केलं. हे वाक्य अजूनही माझ्या तोंडून सहज निघत नाही. पहिलं बाळंतपण आईच्या हातचं, असं आमच्या घरात कुणी कधी शिकवलं नाही, ते धरूनच चाललेलं असतं. मी पोलंडचं तिकीट काढून, बॅगेत डिंकाचे लाडू भरून तयार होते. निघायच्या आठवड्यात ह्यांच्या छातीत दुखलं आणि बायपास करावी लागली. लेक तिकडे सासरी, मी इकडे दिल्लीत हॉस्पिटलच्या बाकावर. फोनवर ती म्हणाली, "आई, सगळं एकदम आरामात झालं. तू बिल्कुल टेन्शन घेऊ नकोस." मी नाही घेतलं. माझ्यासमोर तेव्हा दुसरं पुष्कळ होतं.

पुढचे दोन महिने विहीणबाईंनी लेकीला सूप पाजलं, पाठ चोळली, बाळ सांभाळलं. या बाईंना पोलिश सोडून काही येत नाही. लग्नात आम्ही दोघी शेजारी बसून गाल दुखेपर्यंत नुसत्या हसत होतो. एक शब्द बोलणं झालं नव्हतं.

मागच्या दिवाळीत कळलं, की फेब्रुवारीत मुलगी आणि नातू येणार आणि सोबत विहीणबाई येणार. मी त्याच दिवशी जाहीर केलं, "त्यांचे आभार मी मानणार. स्वतः. त्यांच्या भाषेत." मुलगी म्हणाली, "आई यार, मी ट्रान्सलेट करेन ना." म्हटलं, मुळीच नाही. आईचं काम त्या बाईनं केलंय, आणि आभार काय दुभाष्याकडून पाठवू?

आता माझी खोड सांगते. मी सगळी नोकरी केंद्राच्या एका मंत्रालयात, खरेदी विभागात केली. तीन कोटेशनं आल्याशिवाय मी कधी स्टेपलरसुद्धा घेतला नाही. रिटायर होऊन लक्ष्मीबाई नगरचं सरकारी क्वार्टर सोडलं, नोएडाला फ्लॅटमध्ये आलो, पण सवय क्वार्टरमध्ये थोडीच राहते? पोलिश शिकायची ऑनलाइन साधनं शोधायला बसले आणि पहिल्याच दिवशी कम्पॅरेटिव्ह स्टेटमेंट तयार केलं. आडवे रकाने, उभे रकाने. उच्चार ऐकू येतो का, फुकट किती दिवस, मध्येच सोडलं तर पैसे परत मिळतात का, अक्षरं मोठी दिसतात का. एक ॲप होतं, रोज आलात की टाळ्या वाजवायचं. एकात एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ असे पत्ते होते. एका वेबसाइटवर व्याकरणाचे असे तक्ते, की आमच्या विभागाचे नियम त्यापुढे बालगीत वाटावेत. शिवाय व्हिडिओ कॉलवर तासाप्रमाणे शिकवणारी माणसं. त्यांना मी सरळ तळाला टाकलं. ठरलेला अभ्यासक्रम नाही, प्रत्येकाचा दर वेगळा, तुलना करायची कशी?

नोव्हेंबर गेला. डिसेंबर गेला. हे सकाळी फिरून आले की विचारायचे, "काय मॅडम, टेंडर उघडलं का?" मी म्हणायचे, अजून टेक्निकल छाननी चाललीय. नमनाला घडाभर तेल, दुसरं काय! शेवटी टाळ्यावालं ॲप पहिलं आलं. मी मोठ्या उत्साहानं सुरू केलं. दहा दिवसांनी मला काय येत होतं? मुलगा सफरचंद खातो. मुलगी दूध पिते. हत्ती मोठा आहे.

"वा!" हे म्हणाले. "विमानतळावर विहिणीला सांग, हत्ती मोठा आहे."

इतकी चिडले मी! दोन दिवस बोलले नाही त्यांच्याशी. पण राग आला तो खरं तर स्वतःचाच. सगळं तपासलं होतं मी, फक्त मला काय बोलायचंय हे एकाही रकान्यात नव्हतं. तिसऱ्या दिवशी चहा देताना हेच हळूच म्हणाले, "अगं, बोलायचंय बाईशी, तर शिकायलाही बाईच बघ की."

मग तळाची यादी वर काढली. एकच कोटेशन घेतलं, आयुष्यात पहिल्यांदा. पोलंडमधल्या एक रिटायर्ड शिक्षिका होत्या, इंग्रजी माझ्यासारखंच मोडकंतोडकं. पहिल्या तासाला त्यांनी विचारलं, "कशासाठी शिकायचंय?" मी सगळं सांगितलं. बाईंनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाल्या, पुस्तक राहू द्या. बाळ, हॉस्पिटल, रडणं, दिवस, हाक, काळजी घेणं, असे तेवढेच शब्द घेऊ. तीन आठवडे रोज एक तास आम्ही तेच घोटलं. विहिणीला तिकडेही अहोजाहोच करतात म्हणे, ते ऐकून मला फार बरं वाटलं.

विहीणबाई आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी नातवाला आंघोळ घालायला आत गेली, आम्ही दोघी बाल्कनीत उन्हात मटार सोलत बसलो होतो. परातीतच बघत मी म्हटलं, माझ्या मुलीला बाळ झालं, मी नव्हते, तुम्ही होतात, तुम्ही तिची काळजी घेतलीत. जेंकुये. आभारी आहे.

त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि बोलायला लागल्या. मी कळत नाही अशी मान हलवताच मुद्दाम सावकाश बोलू लागल्या, लहान मुलाशी बोलावं तसं. हॉस्पिटल. दोन दिवस. रडत होती. हाका मारत होती. आणि मग स्वतःच्या छातीवर हात ठेवून त्यांनी ती हाक मला करून दाखवली. "आई. आई." पुढचं निम्मं मला खुणांनीच कळलं: हा शब्द त्यांना ठाऊक नव्हता, त्यांनी नर्सला विचारलं, आमच्या जावयाला विचारलं. कळल्यावर त्या तिच्या उशाशी बसल्या आणि प्रत्येक हाकेला ओ देत राहिल्या.

आरामात झालं म्हणाली होती पोरगी. सव्वा वर्ष मला तेच सांगत होती.

मी त्यांचा हात धरून रडत होते, त्याही रडत होत्या, आणि खरं सांगते, इतकं बरं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. तेवढ्यात मुलगी टॉवेलात गुंडाळलेलं बाळ घेऊन दारात आली आणि घाबरलीच. "अरे, काय झालं? आई, काय म्हणतायत त्या? थांब, मी ट्रान्सलेट करते."

"नको," मी म्हटलं. "कळलं मला."