डिकीतला डबा

माझ्या सासरी लहान सून भासऱ्यांशी बोलत नाही. भासरे म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ. ते समोर आले की डोक्यावर पदर घ्यायचा, वाट सोडायची, आणि काही सांगायचंच असेल तर तिसऱ्या माणसाच्या तोंडून सांगायचं. मी पॅथॉलॉजीत एम.डी. केलेली बाई. दिवसभर लोकांच्या गाठी कापून त्यात कॅन्सर आहे की नाही ते ठरवते, आणि संध्याकाळी नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या घरात शिरताना फाटकाशीच ओढणी डोक्यावर ओढते. लग्नानंतर सुरुवातीला मला याचं हसूच यायचं. भासऱ्यांना चहा हवा असला आणि खोलीत मी एकटीच असले, की ते कूलरकडे बघून म्हणायचे, "चहा झाला असन तं आणा म्हना." कूलर बिचारा कुठून आणणार? मीच आणून ठेवायचे, आणि ते कूलरलाच "ठीक हाय" म्हणायचे.

या कारभारात मधलं माणूस होती माझी जाऊ. त्यांचं मला आणि माझं त्यांना तीच पोहोचवायची, आणि पोहोचवताना त्यातले काटे काढून टाकायची. माझं एम.डी. चालू होतं तेव्हा माझी मुलगी तिच्याच मांडीवर वाढली. परीक्षेच्या दिवसांत मी कितीही उशिरा उठले तरी माझ्या वाट्याची गरम पोळी झाकलेली असायची. सख्ख्या बहिणीनं केलं नसतं इतकं तिनं माझं केलं आहे.

या जावेच्या स्तनात गाठ झाली आणि तिनं कित्येक महिने कोणाला सांगितलं नाही. घरात मी असताना! मी नंतर तिच्यावर ओरडले तर ती म्हणाली, "तुले सांगतलं असतं तं घरभर झालं असतं वं. अशा जागंचं कसं सांगू?" तिचा राग धरता येईना. जिच्या घरात ताप आला तरी आधी नवऱ्याची परवानगी आणि मग डॉक्टर, ती बाई छातीचं कोणत्या तोंडानं सांगणार होती?

एकदाचं बाहेर आल्यावर सुईची तपासणी झाली. जाड सुईनं गाठीचे दोऱ्यासारखे बारीक तुकडे काढतात, ती. कॅन्सरच निघाला. मी जावेमार्फत निरोप दिला की मोठ्या इस्पितळात नेऊ, तिथे सगळी सोय एका जागी असते. उत्तर जावेमार्फतच आलं. "हे म्हणतात, लकडगंजातला डॉक्टर ओळखीचा हाय. बोभाटा नाही होनार." भासऱ्यांचं तांदळाचं ठोक दुकान लकडगंजात, आणि दुकानापासून जवळच त्या सर्जनचं नर्सिंग होम. म्हणजे बाईच्या जिवाचा प्रश्न आणि निवड कशावरून, तर बोभाट्यावरून. तिथूनच माझं डोकं फिरायला लागलं होतं.

ऑपरेशन मे महिन्यात झालं. माझा नवरा दुकानाच्या खरेदीसाठी गोंदियाला गेला होता. मी जावेच्या उशाशी बसून होते. ती गुंगीत होती. बाहेर काय झालं ते मला नंतर नवऱ्याकडून कळलं, पण ते इथेच सांगते. लहान नर्सिंग होममध्ये काढलेला भाग डब्यात घालून नातेवाइकांच्या हाती देतात, त्यांनी तो लॅबमध्ये पोहोचवायचा. आमच्याकडे हीच पद्धत आहे आणि तिच्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. डबा फॉर्मॅलिनचा असायला हवा. ते डोळे झोंबवणारं औषध मांसाला आहे तसं थांबवून धरतं. त्या दिवशी तिथलं फॉर्मॅलिन संपलं होतं. सर्जननी तो भाग सलाईनच्या पाण्यात घालून डबा भासऱ्यांच्या हाती दिला आणि म्हणाले, "तुमच्या घरातच डॉक्टर आहे. लगेच तिच्या हातात द्या."

मी भिंतीपलीकडे बसले होते. आणि भासऱ्यांची तिथेच अडचण झाली. डबा मला द्यायचा म्हणजे माझ्याशी बोलायला हवं. तेही स्वतःच्या बायकोच्या स्तनाबद्दल, धाकट्या भावाच्या बायकोशी. ज्या बाईच्या तोंडून ते एरवी बोलायचे ती आत गुंगीत पडलेली. मग त्यांनी त्यांच्या मते सभ्य असा मार्ग काढला. डबा काळ्या पॉलिथीनमध्ये गुंडाळला, गाठीवर गाठ मारली, स्कूटरच्या डिकीत ठेवला आणि धाकट्या भावाची वाट बघत बसले. स्कूटर आधी दुकानासमोर उन्हात उभी होती, मग आमच्या अंगणात पत्र्याच्या शेडखाली. नागपूरचा मे महिना. दुसऱ्या दिवशी दुपारीसुद्धा स्कूटरच्या सीटला हात लावता येत नव्हता.

तपासणीचं मी नर्सला विचारलं होतं. ती म्हणाली, दिलं नातेवाइकांकडे. सर्जनच्या नेहमीच्या लॅबला गेलं असेल, असं मी धरून चालले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नवरा आला. भासरे त्याला अंगणातच घेऊन गेले. थोड्या वेळानं तो आत आला तो ती पिशवी अंगापासून लांब धरून. "दादा म्हणून राहिला, हे तुले द्यायचं हाय."

पिशवीच्या गाठी सुटेनात, शेवटी कात्री घेतली. झाकण काढलं आणि वास आला. माझ्या धंद्यात वासांचं काही वाटत नाही. मांस कुजलं तर वास येणारच. आत जे होतं ते बुळबुळीत, हिरवट करडं झालं होतं आणि पाण्यावर चरबीचा तवंग आला होता. मला त्याची किळस आली नाही. मला शिसारी आली ती त्या पिशवीच्या गाठींची. केवढ्या निगुतीनं मारल्या होत्या! कोणाला दिसू नये, कोणी विचारू नये, म्हणून एवढी मेहनत. आणि हाकेच्या अंतरावर असलेल्या माणसाच्या हातात द्यायची मेहनत मात्र झेपली नाही.

"काल काहून नाही दिलं?" मी विचारलं.

"तो कसा देनार वं तुले?" नवरा म्हणाला. त्याला खरोखरच प्रश्न कळला नव्हता. त्या क्षणी मला त्याचाही वीट आला.

यात एवढं काय बिघडलं, ते सांगते. स्तनाच्या कॅन्सरच्या काही पेशी अंगातल्या हार्मोनवर पोसल्या जातात. ते हार्मोन धरून ठेवणाऱ्या जागा पेशीत असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. आम्ही मांसाच्या पातळ चकतीवर एक तपासणी करतो. रिसेप्टर असले की पेशी तपकिरी रंगतात. रंगल्या की बाईला रोजची एक साधी गोळी देता येते. वर्षानुवर्षं घ्यायची, पण कॅन्सर परत येण्याचा धोका त्यानं बराच कमी होतो. नाही रंगल्या तर गोळीचा उपयोग नाही, ती वाटच बंद. आणि मांस फॉर्मॅलिनशिवाय पडून राहिलं तर रिसेप्टर नासून जातात. असलेले दिसत नाहीत. म्हणजे माझ्या जावेची गोळी त्या डिकीत शिजत होती.

डबा मी माझ्या इस्पितळातल्या विभागात नेला. घरचं माणूस म्हणून रिपोर्ट मी द्यायचा नव्हता. आमच्या विभागप्रमुखांनी दिला. सगळे रिसेप्टर निगेटिव्ह. त्यांना वाईट वाटण्याऐवजी ते खूश दिसले, कारण त्यांचं संशोधन याच विषयावर चाललं होतं. आपल्या भागातल्या इतक्या बायका निगेटिव्ह का निघतात? काहींचा आजार खरंच तसा असतो, त्यात शंका नाही. पण सरांना त्यात मोठं काही सापडायचं होतं. बायकांचं रक्त घेतलं होतं, गुणसूत्रं तपासायला पाठवली होती, लग्न कोणत्या वयात झालं, मुलं किती, जेवणात तेल कोणतं, सगळं विचारून झालं होतं. काढलेला भाग कुठे किती वेळ पडून होता, हे एकाही बाईबद्दल कोणी विचारलं नव्हतं.

मी जावेची स्लाइड मायक्रोस्कोपखाली घेतली. कॅन्सरच्या पेशी रंगल्या नव्हत्या, ते तर रिपोर्टातच होतं. मी शेजारच्या चांगल्या दूधनलिका शोधल्या. त्यांच्यात रिसेप्टर असतातच, कॅन्सर असो वा नसो, त्यातल्या काही पेशी तरी रंगल्याच पाहिजेत. एकही रंगली नव्हती. म्हणजे ही तपासणी निगेटिव्ह नव्हती, ती झालीच नव्हती. मग मी सरांच्या संशोधनातल्या इतर स्लाइड काढून बसले. एकीमागून एक. कितीतरी स्लाइडमध्ये चांगल्या नलिका तशाच कोऱ्या. कुठल्या कुठल्या गावांहून एसटीत मांडीवर ठेवून आणलेले डबे असतील ते.

विभागाच्या बैठकीत मी सरांना हे सांगितलं. समोर तर्री-पोह्याच्या प्लेटा होत्या. सर चमचा न थांबवता म्हणाले, "अशा केसेस काढत बसलो तर पेपरमध्ये उरणार काय?"

"मग नाही उरणार, सर."

"आपल्याकडच्या बायकांचा कॅन्सर वेगळाच आहे, हे तुम्ही मान्य करत नाही म्हणजे."

"वेगळा असेल किंवा नसेल. आपण अजून बघितलेलाच नाही," मी म्हणाले आणि मग मला राहवेना. डिकी, ऊन, गाठी मारलेली पिशवी, भासऱ्यांची लाज, माझं घर, सगळं त्या टेबलावर ओतलं. कनिष्ठ डॉक्टरांनी प्लेटमधून डोकं वर काढलं नाही. सर म्हणाले, घरगुती गोष्टी इथे नकोत. एका बाईची गोळी जाते ती घरगुती गोष्ट, आणि तिच्यावरचा तक्ता मात्र विज्ञान! मला त्या खोलीत श्वास घ्यायचाही कंटाळा आला.

पण एक आशा होती. सुईनं काढलेले ते बारीक तुकडे थेट फॉर्मॅलिनमध्ये पडले होते. तेव्हा फक्त कॅन्सर आहे का एवढंच पाहिलं होतं, रिसेप्टर मोठ्या भागावर बघू म्हणून सोडून दिले होते. ते तुकडे बसवलेला मेणाचा ठोकळा शहरातल्या दुसऱ्या लॅबमध्ये जपून ठेवलेला होता. जावेची सही घेऊन मी तो आणला आणि तपासणी लावली. रंग चढायची वाट बघताना माझा जीव टांगणीला लागला होता. सही कशासाठी, ते तिला कळू दिलं नव्हतं. पुन्हा नाही निघालं तर तिला दोनदा कशाला मारायचं?

स्लाइड लावली. पेशी तपकिरी होत्या. गच्च, सगळ्याच्या सगळ्या. मी तिथेच स्टुलावर बसून रडले आणि रडताना दात खात होते.

रविवारी सकाळी तो रिपोर्ट घेऊन मी हॉलमध्ये आले. जाऊ दिवाणावर हाताखाली उशी घेऊन बसली होती, त्या बाजूचा हात अजून वर जात नव्हता. भासरे खुर्चीत पेपर वाचत होते. नवरा शेजारी होता. मी पदर घेऊन जावेजवळ बसले आणि तिला सांगितलं की आधीचा रिपोर्ट धरायचा नाही, तिला गोळी लागू पडणार आहे, कॅन्सरचे डॉक्टर उद्यापासून सुरू करणार आहेत. तिनं माझा हात घट्ट धरला.

पेपरामागून आवाज आला. "मंग आधीच्या रिपोर्टात कसं काय नोहोतं म्हना." कूलरला विचारलं होतं.

मी उठले. डोक्यावरचा पदर खाली घेतला. भासऱ्यांच्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिले आणि लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्या तोंडाकडे बघून बोलले.

"कारण तुम्ही डबा डिकीत ठेवला होता. मी भिंतीपलीकडे बसले होते आणि तुम्ही तो दिवसभर उन्हात ठेवला. ते सुईचे तुकडे नसते तर ताईची गोळी तुमच्या लाजेपायी गेली असती."

नवरा "अवं" म्हणून अर्धा उठला आणि परत बसला. जावेला डिकीचं काही माहीत नव्हतं. ती आपल्या नवऱ्याकडे बघत राहिली.

भासऱ्यांनी पेपराची घडी घातली. मला वाटलं, आता तरी. निदान तिच्याकडे बघतील, विचारतील की कोणती गोळी, बरी होशील ना. त्यांनी मान वर केली आणि सरळ माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य हे होतं.

"दवाखान्यात कोणाले सांगतलं तं नाही ना तुनं?"

किळस म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. डब्यात तिचा लवलेश नव्हता.

"सांगितलं," मी म्हणाले. "भर बैठकीत, सगळ्यांना."

ते लालबुंद झाले. पण त्यांच्या आधी जाऊ बोलली. जन्मभर दोन्हीकडचे निरोप मऊ करून पोहोचवणारी ती, दिवाणावरून न हलता, त्यांच्यावरची नजर न काढता माझ्याशी बोलली.

"आनखी सांग वं. माह्यं नाव घेऊन सांग."